बिल्ल्यातली मशेरी

तासगावात तेव्हा एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे, फोटो म्हणत. पोरीनं कानातला डूल गिळला, म्हाताऱ्याचा खुबा मोडला, बेदाण्याच्या शेडवरून कुणी गडी खाली आला, की त्याला डॉक्टर लालासाहेब जगदाळ्यांच्या दवाखान्यात आणायचं आणि दारातूनच सांगायचं, "फोटू काढायचाय."

फोटोचं मशीन रसूल मुजावर चालवायचा. मिरजेला राहून तो ते शिकून आला होता. पण मशीन चालवणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याला क्षणभर हलू न देणं, आणि तो भाग हरणाबाईकडे होता.

हरणाबाई दवाखान्यातली आया. नाव ठेवताना आईबापांनी पुढचा विचार केलेला नव्हता. बाई उंच, रुंद हाडाची, चालली की औषधाच्या कपाटाच्या काचा वाजायच्या. रडणाऱ्या पोराला ती कधी गप्प बस म्हणत नसे. त्याला टेबलावर घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची आणि एकदम विचारायची, "तुमच्या म्हशीचं नाव काय रं?" पोर रडायचं थांबून विचारात पडायचं. विचार करताना माणूस श्वास धरतो. तेवढ्यात मागं न बघता ती म्हणायची, "हाण, रसूल," आणि शिशाच्या पडद्याआडून रसूल बटण दाबायचा. ज्यांच्या घरी म्हैसच नसायची, ती पोरं जरा जास्त वेळ विचार करायची.

भिंतीला शिशाचा एक ॲप्रन टांगलेला असायचा. हरणाबाईनं तो एकदाच घातला होता. तो काळा, जाड अवतार बघून कवलापूरच्या एका पोरानं अशी बोंब ठोकली की त्याच्या बापालाही रडू आलं. तेव्हापासून हरणाबाई ॲप्रनला "बैलाची झूल" म्हणायची आणि हात लावत नसे. तिला कुणी आग्रहही केला नाही.

ती मूळची मेढ्याकडची. लग्न होऊन कवठे महांकाळच्या माळावर आली. नवरा विहिरी खोदायच्या कामावर होता. एका विहिरीची दरड कोसळली आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं. माहेरी भाऊ होता, म्हणजे खरं तर भावजय होती, अंबूबाई. अंबूबाई कुणाला उपाशी ठेवत नसे, फक्त हरणाबाईच्या ताटात दुसरी भाकरी टाकताना ती मोठ्यानं "दोन" म्हणायची. हे हरणाबाईनं दीड वर्ष ऐकलं. मग कुणाच्या तरी ओळखीनं ती तासगावला आली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला लागली आणि त्याला नऊ वर्षं झाली. त्या खोलीत एक पेटी, एक चूल आणि एक तवा होता, आणि ती किती भाकरी खाते हे मोजायला कुणी नव्हतं. या खोलीसाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती.

डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन पाट्या होत्या. एक थुंकू नका, दुसरी मोठ्यानं बोलू नका आणि तिसरी डॉक्टरांनी स्वतः मजकूर करून रंगवून घेतलेली: "तंबाखू व मशेरी लावणाऱ्यांनी आत येऊ नये." ही पाटी आमच्या भागातल्या बायकांनी खरोखर पाळली असती, तर दवाखान्यात बाईमाणूस पेशंट उरला नसता. पण डॉक्टर नोकरांच्या बाबतीत पाटी पाळून घेत. मनुबाई म्हणून आधी एक आया होती, ती सकाळी नळावर मशेरी लावताना त्यांना दिसली. त्याच दुपारच्या एस.टी.नं मनुबाई गावी गेली.

हरणाबाईच्या कमरेला बटवा होता आणि बटव्यात मशेरीची डबी होती. ती नळावर मशेरी लावत नसे, एवढा धडा तिनं मनुबाईवरून घेतला होता.

शालूबाई म्हणजे डॉक्टरांच्या मंडळी. त्या दवाखान्याच्या वर राहत. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या, त्यामुळं पुढचं बरंचसं मला भाजी चिरता चिरता कळत गेलं.

पंच्याहत्तर साली मुंबईच्या सरकारी ऑफिसातून दोन बिल्ले आले. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची चपटी डबी, तिला मागं पिन, आत काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा एक तुकडा. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणाऱ्यानं तो छातीवर लावायचा. अंगावर किती किरण पडले ते फिल्मवर उमटतं. महिना संपला की फिल्म मुंबईला पाठवायची आणि नवी घालायची. एक बिल्ला रसूलच्या नावाचा होता, दुसरा डॉक्टरांच्या. बिल्ले मागवताना फोटोच्या खोलीत काम करणाऱ्यांची नावं डॉक्टरांनीच कळवली होती. स्वतः ते त्या खोलीत मशीनच्या पूजेच्या दिवशी गेले होते, नारळ फोडायला.

रसूलनं आपला बिल्ला सदऱ्याला लावला. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर तो शोभेना. त्यांनी हरणाबाईला हाक मारली.

"हरणाबाई, हा माझ्या कपाटात ठेवा. महिना झाला की रसूलकडं द्यायचा. आणि सांभाळून. हरवला तर मुंबईहून विचारणा होईल."

"व्हय साहेब."

तिनं तो कपाटात ठेवला. दोन दिवस. पण त्या कपाटाला कुलूप नव्हतं आणि कंपाउंडर दर घटकेला त्यात हात घालायचा. सोपवलेली वस्तू हरवू द्यायची नाही हे हरणाबाईला कळत होतं, आणि जपायच्या वस्तूला तिच्या माहितीत एकच जागा होती. तिनं बिल्ला काढला आणि बटव्यात टाकला. पेटीची किल्ली, देवीचा अंगारा, मशेरीची डबी आणि डॉक्टरांचा बिल्ला. महिना संपला की तो पदरानं पुसून ती रसूलच्या हातात द्यायची. रसूल आत फारसं न बघता फिल्म बदलायचा आणि परत द्यायचा. कुठं ठेवतेस, असं त्यानं विचारलं नाही. त्यालाही वाटत होतं, कपाटात.

असे आठ-नऊ महिने गेले. मग एका सोमवारी रजिस्टर पत्र आलं.

पत्र इंग्रजीत होतं, पण त्याचा अर्थ डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मराठीत उमटला. डॉक्टर एल. बी. जगदाळे यांच्या फिल्मवर गेल्या तीन महिन्यांत मर्यादेच्या बरेच बाहेर किरण आढळले आहेत. तरी त्यांनी पुढील सूचनेपर्यंत क्ष-किरणांचं काम करू नये, रक्त तपासून घ्यावं, आणि आमचे अधिकारी चौकशीला येतील.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मी त्या खोलीत जातच नाही, म्हणजे कागदात काही तरी चूक आहे. पण डॉक्टर शास्त्र शिकलेले. त्यांनी शास्त्रानं विचार केला. बिल्ला कपाटात असतो. कपाट माझ्या खुर्चीच्या मागं आहे. कपाटाच्या मागं भिंत आणि भिंतीपलीकडं मशीन. म्हणजे जे बिल्ल्याला लागलं ते कपाटातून बाहेर पडून माझ्या पाठीला लागलं. त्यांच्या पाठीला त्या क्षणापासून खाज सुटली.

शालूबाईंनी शास्त्राची वाट बघितली नाही. त्यांनी डॉक्टरांना जिन्यानं वर नेलं आणि पुन्हा खाली येऊ दिलं नाही. सांगलीहून दुसरे डॉक्टर दुपारी तपासायला येऊ लागले. वर डिंकाचे लाडू वळले गेले, अळीवाची खीर शिजली, रोज सकाळी तुपातला शिरा. नातेवाईक केळ्यांचे घड घेऊन येऊ लागले. डॉक्टर आरामखुर्चीत बसून सकाळी कंगव्यातले केस मोजत. पहिल्या दिवशी अकरा निघाले, दुसऱ्या दिवशी चौदा.

"तीन वाढले," ते खिन्नपणानं म्हणाले.

"आज दोनदा विंचरलेत," शालूबाई म्हणाल्या. "आणि आधीचे कधी मोजले होतेत?"

रक्त सांगलीला गेलं. सगळं ठीक आलं, फक्त साखर थोडी जास्त निघाली. साखर किरणांनी वाढते का, हे बघायला डॉक्टरांनी जाड पुस्तकं काढली. लाडवांकडं त्यांचं लक्ष गेलं नाही.

खाली हरणाबाईची वेगळीच तारांबळ उडाली होती. रसूलनं तिला पत्राचा अर्थ सांगितला, की डॉक्टरांच्या बिल्ल्यात काही तरी भयंकर निघालंय आणि त्यामुळं ते आजारी आहेत. हरणाबाईनं बटव्यावर हात ठेवला. त्या बिल्ल्यात काय गेलं असेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. डबीचं झाकण जरा सैल होतं.

"रसूल बाबा," तिनं विचारलं, "त्या फिलमला काय लागलं, तर ज्याच्या नावाची फिलम हाय त्याला बादतं का?"

"त्याला बाधलं म्हणूनच फिल्मला दिसतं, मावशी."

"आन फिलमला बादलं तर?"

रसूलला प्रश्न कळला नाही. तो हो म्हणाला.

म्हणजे माझ्या मशेरीनं डागदर आजारी पडला, अशी हरणाबाईची खात्री झाली. मुंबईचा माणूस येणार, बिल्ला उघडणार, मशेरी सापडणार आणि दुपारची एस.टी. तिला मेढ्याला नेणार. अंबूबाईचा "दोन" तिला ऐकू यायला लागला. त्याच दिवशी तिनं मशेरी सोडली. डबी पेटीच्या तळाला, लुगड्यांच्या खाली गेली. बिल्ला चांगला घासून पुसून कपाटात गेला.

वीस वर्षांची मशेरी एका दिवसात सोडणं म्हणजे काय, हे पुढच्या बारा दिवसांत दवाखान्यानं बघितलं. बाई कुणाशी धड बोलेना. आठव्या दिवशी एका पोरानं आपल्या म्हशीचं नाव सांगायला फार वेळ लावला, तर ती त्याच्यावर खेकसली, "आरं, नाव न्हाई तर न्हाई म्हन की!" फोटो हलला. तिनं धरलेल्या पोराचा फोटो हललेला रसूलनं पहिल्यांदाच बघितला.

तेराव्या दिवशी मुंबईचे साहेब आले. तिशीचा, चष्म्याचा, किडकिडीत माणूस. सांगलीच्या एस.टी.तून उतरताना किरण मोजायची रेडिओसारखी पेटी त्यांनी हमालाच्या हाती दिली नाही, स्वतःच आणली. चहा नंतर, आधी काम, असं म्हणाल्यामुळं शालूबाईंच्या मनातून ते लगेच उतरले. पण डॉक्टरांना खाली यायची परवानगी मिळाली. तेरा दिवसांत त्यांचं वजन चांगलं वाढलं होतं; कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं.

साहेबांनी पहिल्यांदा डॉक्टरांची खोली तपासायला घेतली. रसूलला मशीन चालवायला सांगितलं आणि पेटी खुर्चीवर ठेवली. काटा हलला नाही. पेटी कपाटात ठेवली. काटा हलला नाही.

"नीट बघा," डॉक्टर म्हणाले. "माझ्या पाठीला जाणवतं."

"अठरा इंच दगडी भिंत आहे," साहेब म्हणाले. "यातून काही येत नाही."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तेरा दिवसांचा आजार असा दोन मिनिटांत कुणी काढून घेतलेला माणसाला आवडत नाही.

मग साहेब फोटोच्या खोलीत गेले. त्यांनी मशीनचं तोंड शिशाच्या जाड पत्र्यानं बंद केलं, म्हणजे पुढून काहीच बाहेर पडू नये, आणि पेटी मशीनच्या चारी बाजूंनी फिरवली. तीन बाजूंना काटा गप्प होता. डाव्या बाजूला तो वर सरकला.

"इथं सांध्यातून गळतंय," साहेब म्हणाले. "कंपनीला कळवून दुरुस्त करून घ्या."

मग ते म्हणाले, टेबलावर पोरासारखं काही तरी हवं, माणसाच्या अंगात पाणीच जास्त असतं, तर पाण्यानं भरलेलं भांडं चालेल. शालूबाईंनी वरून लोणच्याची मोठी बरणी आणली. तिच्यातलं लोणचं कालच संपलं होतं. पाणी भरून ती टेबलावर ठेवली, आणि मशीनचं तोंड उघडून रसूल पडद्याआड गेला.

"आता मला सांगा," साहेब म्हणाले, "लहान मूल असलं तर त्याला धरतं कोण?"

"कुणी नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, असतं कुणी तरी."

पडद्यामागून रसूलचा आवाज आला, "हरणामावशी धरतात. इथं, डाव्या अंगाला उभ्या राहून."

हरणाबाई दारात उभी होती. कुणी नाही हे शब्द तिनं ऐकले. तिला त्यात वावगं वाटलं नाही; ती नऊ वर्षं ऐकतच आली होती.

साहेबांनी पेटी बरणीच्या डाव्या अंगाला ठेवली, पडद्याआड गेले आणि काचेतून बघत राहिले. रसूलनं बटण दाबलं. काटा असा उडाला की साहेबांनी चष्मा पुसून रसूलला पुन्हा बटण दाबायला लावलं.

"लोणच्याला काही होतं का हो यानं?" शालूबाईंनी विचारलं. "रिकामी बरणी परत वापरली तर?"

"लोणच्याला काही होत नाही," साहेब म्हणाले. "माणसांना होतं."

सगळे डॉक्टरांच्या खोलीत आले. साहेबांनी एक पाकीट काढलं आणि त्यातली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "ही डॉक्टरांच्या बिल्ल्यातली. बिल्ल्याच्या आत धातूच्या बारीक पट्ट्या असतात. बिल्ला एका जागी, समजा कपाटात पडून असता, तर या पट्ट्यांच्या कडा स्वच्छ उमटल्या असत्या. इथं पुसट आहेत. म्हणजे बिल्ला हलत होता, कुणाच्या तरी अंगावर होता. आणि तो माणूस मशीनजवळ होता." त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. "तुम्ही."

"मी त्या खोलीत जात नाही," डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणापाशी कबूल केली नव्हती.

"मग बिल्ला एकटा गेला का? बघू, आत्ताचा कुठाय?"

कपाटातून बिल्ला निघाला. बाहेरून लखलखीत होता. साहेबांनी त्याची डबी उघडली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर आपटली. काळी पूड पडली. त्यांनी ती बोटावर घेतली, नाकाशी नेली आणि सलग तीन शिंका दिल्या.

"हे काय आहे?"

शालूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, वाकून वास घेतला आणि सरळ झाल्या.

"मशेरी," त्या म्हणाल्या.

भिंतीवरची तिसरी पाटी सगळ्यांना एकदम दिसायला लागली. शालूबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. चौदा वर्षांच्या संसारात या माणसाचं एकही गुपित त्यांना ठाऊक नव्हतं, याचं त्यांना नेहमी वाईट वाटायचं. आज ते सापडलं होतं.

"तुम्ही मशेरी लावता?"

"मी? शालू, वेड लागलंय का तुला?"

"म्हणून वर येताना रोज वेलची चघळायचात."

"ती पचनाला!"

"दात दाखवा."

"काय?"

"दात दाखवा म्हणते."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. रसूल आपल्या चपला बघायला लागला. आणि तासगावातले एकुलते एक एम.बी.बी.एस., तोंडावर हात न धरता शिंकणाऱ्याला बाहेर काढणारे डॉक्टर लालासाहेब जगदाळे, यांनी चार माणसांदेखत बायकोला दात दाखवले. दात पांढरेशुभ्र होते. त्यानं काही फरक पडला नाही.

"घासत असाल नंतर," शालूबाई म्हणाल्या. "बायकांना उपदेश करायचा, त्या मनुबाईला हाकलायचं, आणि स्वतः हे. आणि लावायचीच होती तर धड तरी आणायची. ही कसली मशेरी? कोळशाची भुकटी नुसती. हलकी, बाजारची."

दाराशी उभ्या असलेल्या हरणाबाईला त्या क्षणी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर सगळं डॉक्टरांच्या खाती जाऊन ती मोकळी होती. खोली, चूल, तवा सगळं शाबूत होतं. तिनं ओठ आवळून धरले होते. पण "बाजारची" हे तिला सोसलं नाही.

"कोळसा?" ती म्हणाली. "वैनीसाहेब, कोळसा म्हनू नगा. निपानीची पानं हायत ती. मातीच्या तव्यावर मी सोता भाजलीया, मंद जाळावर. बाजारची न्हाई!"

सगळे तिच्याकडं वळले. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण शब्द बाहेर गेले होते.

पहिला आवाज डॉक्टरांचा फुटला. "बघितलंस? बघितलंस, शालू?" आपल्या बिल्ल्यात दुसऱ्याची मशेरी सापडल्याचा एवढा आनंद कुणाला झालेला मी ऐकलेला नाही. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे बिल्ला कपाटात नव्हता?"

"दोनच दिस हुता. मग म्हटलं, कुलूप न्हाई, कोन तरी न्हील. अंगावरची वस्तू हरवत न्हाई साहेब. तुमी म्हनला हुता सांभाळून. म्या बटव्यात ठेवला. कमरंला." ती एका दमात बोलत सुटली. "माझ्या मशेरीनं तुमास्नी बादलं, मला ठावं हाय. तवापासनं म्या शिवले बी न्हाई तिला. देवीची आन."

"मशेरीनं काही झालं नाही, बाई," मुंबईचे साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. अवघड गणित सुटल्यावर शाळेतल्या पोराचा खुलतो तसा. "डॉक्टरांना काहीच झालेलं नाही. ही फिल्म तुमची आहे. हे सगळं तुमच्या अंगावर पडलंय."

"त्यांना काही झालेलं नाही?" शालूबाईंनी मधेच विचारलं.

"नाही."

"आणि तेरा दिवसांचे लाडू?"

याचं उत्तर साहेबांच्या पेटीत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा, हरणाबाई."

ती डॉक्टरांकडं बघत राहिली. त्या खोलीतल्या खुर्चीवर ती नऊ वर्षांत फक्त धूळ पुसायला टेकली होती. साहेबांनी पुन्हा सांगितल्यावर ती कडेकडेनं बसली.

"काही त्रास होतो का? मळमळ? केस जातात?"

"न्हाई."

"डोकं?"

"डोकं दुकतं. लय दुकतं. हात बी कापत्यात. सारका राग येतो."

डॉक्टर, शालूबाई, साहेब, तिघंही पुढं झुकले. रसूलचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"मशेरी सोडल्यापासनं."

रसूल हसायला लागला तो फोटोच्या खोलीत पडद्याआड जाऊनच थांबला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. जिवाची भीती गेली होती, दातांचा अपमान राहिला होता आणि समोर अपराधी बसलेला होता. ते घसा साफ करून म्हणाले, "हरणाबाई, या दवाखान्यात नियम म्हणजे नियम. मनुबाईला जो न्याय, तोच तुम्हाला. उद्यापासून..."

हरणाबाईनं मान खाली घातली. पेटी भरायला तिला किती वेळ लागेल याचा ती विचार करत असावी. पेटी लहानच होती.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. त्यांनी कागद पुढं ओढून लिहायला सुरुवात केली होती. "उद्यापासून बाईंनी तीन महिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. रक्त तपासायचं. पोराला त्याच्या आईनं नाही तर बापानं धरायचं, ॲप्रन घालून, उजव्या बाजूनं. पुढं कामावर घ्याल तेव्हा बाईंनाही ॲप्रन पाहिजे. आणि यांच्या नावाचा बिल्ला मी मुंबईहून पाठवतो. यांचं नाव आता आमच्या रजिस्टरात जाईल. दर महिन्याला यांची फिल्म आली पाहिजे. एखाद्या महिन्यात आली नाही, किंवा या नोकरीवर दिसल्या नाहीत, तर का नाहीत, ते तुम्ही आम्हाला सविस्तर लेखी कळवायचं."

"सविस्तर म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळं. तुमचा बिल्ला त्यांच्याकडं कसा गेला, इथपासून."

डॉक्टरांनी उद्यापासूनचं वाक्य पुरं केलं नाही. ते तसंच तिथं राहिलं. शालूबाईंनी ते उचललं. "उद्यापासून हरणाबाई वर माझ्याकडं कामाला," त्या म्हणाल्या. "तीन महिने. चहा घ्या साहेब, गार होतोय."

फॉर्म भरताना जन्मतारीख विचारली. "धाकल्या आत्याचं लगीन झालं त्या साली," हरणाबाई म्हणाली. धाकट्या आत्याच्या नातवाचं वय काय, तिथून सुरुवात करून रसूलनं हिशोब घातला आणि एक साल काढलं. साहेबांनी ते लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, काम. कामापुढं त्यांनी काही तरी इंग्रजीत लिहिलं. रसूलनं वाचून सांगितलं, "क्ष-किरण सहायक." हरणाबाईनं ते दोनदा म्हणायला लावलं.

तिचं रक्त सांगलीला गेलं. किरणांचा काही परिणाम निघाला नाही, नुसतं रक्त कमी होतं. अर्धपोटी खाऊन कमी झालेलं. भाकरी मोजणारं माणूस सुटलं तरी मोजायची सवय तिच्या हाताला राहून गेली असावी. शालूबाईंनी वरचा लाडवांचा डबा काढला. डॉक्टरांना साखर निघाल्यामुळं आता त्यांना ते चालणार नव्हते.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नाही तरी हे तुमच्याच दुखण्यासाठी केलेले होते. पत्ता चुकला."

ते तीन महिने रसूलला जड गेले. पोराला त्याची आई धरायची आणि पोराबरोबर रडायची, आणि झूल बघून दोघंही आणखी रडायची. शेवटी हरणाबाईनं रसूलकडून ॲप्रन मागवून घेतला, वर शालूबाईंच्या गच्चीत बसली आणि जुन्या हिरव्या लुगड्याचं आवरण त्याला शिवलं, खाली लाल काठ. फोटोच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे तिनं अक्षरशः पाळलं. ती बाहेर, बंद दाराच्या दगडी चौकटीआड उभी राहायची आणि आतल्या रडण्याचा अंदाज घेऊन तिथूनच ओरडायची, "तुमच्या म्हशीचं नाव काय रं?" आत शांतता पसरायची. "हाण, रसूल!"

मोठ्यानं बोलू नका, ही पाटी तिच्या डोक्यावरच होती. तिसरी पाटी मात्र त्या सुमारास कपाटामागं गेली. कुणी नेली, हे मी शालूबाईंना विचारलं नाही. निपाणीच्या पानांची एक पुडी त्यांच्या फडताळात मी बघितली होती.

तीन महिन्यांनी मशीनचा सांधा दुरुस्त होऊन आला, हिरवी झूल घालून हरणाबाई कामावर गेली. नवा बिल्ला ती पदराला लावायची आणि बटवा वेगळा ठेवायची. भाऊबिजेला मेढ्याला जाताना तिला बिल्ला अंबूबाईला दाखवायचा होता, पण तो दवाखान्याबाहेर न्यायचा नाही असा नियम होता. तिनं नियम पाळला. मुंबईचं पाकीट नेलं, ज्याच्यावर तिचं नाव इंग्रजीत टाइप केलेलं होतं, आणि जेवताना ते ताटाशेजारी ठेवलं. अंबूबाईनं दुसरी भाकरी गुपचूप वाढली.

ती परत आली त्याच आठवड्यात मुंबईचं पत्र आलं. यादीत आता तीन नावं होती. रसूलनं वाचून दाखवलं. रसूलचे किरण थोडे, हरणाबाईचे त्याहून थोडे जास्त, पण मर्यादेच्या पुष्कळ आत. धारक, म्हणजे बिल्ल्याची डबी, स्वच्छ, असा शेराही होता.

"आन डागदरसाहेबांचं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांचा बिल्ला आता खरोखरच कपाटात असायचा, नव्या कुलपात.

"शून्य," रसूल म्हणाला.

हरणाबाईनं पदरावरचा बिल्ला सरळ केला.

"काम करत्यात कुटं," ती म्हणाली, "उमटंल कसं?"